काडीच्या जागी खिळा

फिटरकाकांच्या कार्यशाळेत बारा वर्षांत एकही यंत्र बंद पडलं नव्हतं. हे काका स्वतःच सांगायचे. कधी चुकून सांगायचं राहिलं, तर काकू काळजीने विचारायच्या, "अहो, बरं नाही का तुम्हाला? पाहुणे येऊन तास झाला, आणि अजून तुम्ही ते बारा वर्षांचं सांगितलं नाहीत!"

काकांचं उभं आयुष्य कारखान्यात गेलं होतं. हातात पाना, कानावर पेन्सिल आणि तोंडात 'सरका, मी बघतो'. निवृत्त झाल्यावर पाना आणि पेन्सिल खुंटीला टांगता आली, पण 'सरका, मी बघतो' काही टांगता येईना. घरात त्यांनी आधी मिक्सर उघडला, मग इस्त्री उघडली, मग काकूंची कवळी घट्ट करायला घेतली. तेव्हा काकूंनी त्यांना हाताला धरून गावातल्या विज्ञान केंद्रात नेऊन सोडलं. "यांना काहीतरी काम द्या," त्या संचालिकाबाईंना म्हणाल्या, "नाहीतर मी माझे दात घेऊन माहेरी जाते."

अशी ती रविवारची कार्यशाळा सुरू झाली. दहा ते तेरा वर्षांची पंधरा मुलं, केंद्रामागचा लांबलचक हॉल, भंगारातल्या मोटारी, प्लायवूड, चाकं, तारा. भिंतीवर काकांनी स्वतःच्या हाताने ऑइलपेंटने लिहिलं होतं: 'स्वतः करा. स्वतः चुका. स्वतः सुधारा.' बारा वर्षांत साडेतीनशे पोरं त्या ओळीखालून गेली, पण पहिल्या वाक्याच्या पुढे कुणालाच जाता आलं नव्हतं.

त्याचं असं होतं. दहा रविवार मुलं यंत्रं बनवायची आणि दहाव्या रविवारी पालकांसमोर प्रदर्शन. त्याआधी अर्धा तास काका पोरांना बिस्किटं खायला अंगणात हाकलायचे, आतून कडी लावायचे आणि कपाटातून एक खाकी पिशवी काढायचे. पिशवीत झटपट चिकटणारा गोंद, तार, पक्कड, खिळे, तारा जोडायला डाग द्यायची सोल्डरिंगची कावी. मग काका टेबलाटेबलावरून फिरायचे. डुगडुगतं चाक घट्ट करायचे, उलटी लावलेली पाती सुलटी करायचे, एखाद्या पुलाला खालून गोंदाचे तीन थर द्यायचे. याला ते मनातल्या मनात 'शेवटचा हात' म्हणायचे. फसवणूक हा शब्द त्यांच्या डोक्यात कधी आला नाही. पोरं हिरमुसलेली त्यांना बघवत नसत, हे खरं होतं. पण 'वा काका, सगळी चालली!' हे ऐकल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे, हे जास्त खरं होतं.

या खेपेला नऊ नंबरच्या टेबलावर एक मुलगी होती. अकरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, बाजाराच्या कोपऱ्यावर शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या टेलरबाईंची. पहिल्याच दिवशी तिने हात वर केला, "काका, एक शंका आहे." काकांनी करंगळीकडे न बघताच तिला बाहेरचा रस्ता दाखवला. ती जाऊन, हात धुऊन परत आली आणि म्हणाली, "तिकडे जाऊन आले. आता विचारू?" तेव्हापासून तिचं नाव 'शंका'.

शंकेच्या शंका इतर मुलांसारख्या नसायच्या. इतर विचारायची, "काका, हे चालेल का?" ही विचारायची, "काका, हे थांबेल का?"

"अगं, आधी चालू तर दे!" काका म्हणायचे.

"चालेलच हो. पण अडकलं तर काय होईल?"

"माझ्या कार्यशाळेत काही अडकत नाही," काका म्हणायचे आणि पुढच्या टेबलाकडे सरकायचे. तिची वही त्यांनी दहा रविवारांत एकदाही उघडून वाचली नाही. वरून बघितली, अक्षर छान आहे म्हणाले, आणि एक बरोबरची खूण केली.

तिने क्रेन केली होती. भंगारातल्या मोटारगाडीच्या वायपरची मोटर, आईच्या दुकानातलं दोऱ्याचं मोठं रिकामं रीळ, त्यावर गुंडाळलेली सुतळी, सुतळीला आकडा. वायपरची मोटर म्हणजे म्हशीसारखी. सावकाश चालणार, पण मागे हटणार नाही. क्रेन तिने हॉलमधल्या जड लोखंडी बाकाला दोन क्लँपांनी आवळली होती.

आता प्रदर्शनाचा दिवस. या वेळी नेहमीपेक्षा जास्त धावपळ होती, कारण मोठ्या कारखान्याचे मुख्य इंजिनीअर पाहुणे म्हणून येणार होते. सुट्टीत पंधरा दिवस सहा मुलांना ते आपल्या कारखान्यात खऱ्या यंत्रांवर काम शिकवणार होते, आणि ती सहा मुलं आज निवडायची होती. शंका गेले दोन महिने झोपेतसुद्धा लेथ मशीन चालवत होती, असं तिची आई सांगायची. संचालिकाबाईंनी हौसेने सगळी टेबलं एका रांगेत जोडून त्यांवर एकच लांब निळं कापड अंथरलं होतं, आणि त्याला टेलरबाईंकडून झालर लावून घेतली होती. टेलरबाईंची शिलाई म्हणजे कापड फाटेल, पण झालर सुटणार नाही.

मुलं अंगणात गेली. काकांनी कडी लावली, पिशवी काढली. पवनचक्कीला तार, पुलाला गोंद, पंपाच्या नळीला पट्टी. मग आले नऊ नंबरवर. क्रेनच्या रिळातून आणि मोटरच्या दांड्यातून आरपार एक भोक होतं, आणि त्यात दोन्ही धरून ठेवायला घातली होती... काडेपेटीतली काडी!

काका हसलेच. "दहा रविवार 'थांबेल का, थांबेल का' करत होती बया. या काडीवर चालणार तरी कशी!" त्यांनी काडी काढून फेकली आणि तिच्या जागी मापाचा एक खणखणीत खिळा ठोकला. शेजारी एक काडेपेटी ठेवलेली दिसली. "आणि वर पोरींच्या हातात काडेपेट्या! हॉल पेटवतील एखाद दिवस," म्हणत ती खिशात घातली. मग जाता जाता बॅटरीच्या तारांना पक्का डाग दिला, वरचे नट पान्याने आवळले, पाना पिशवीत, पिशवी कपाटात, कपाटाला कुलूप. झाला शेवटचा हात.

पाहुणे आले. भले गृहस्थ होते, प्रत्येक टेबलापाशी वाकून बघत होते. पवनचक्की फिरली. पंपाने बादलीतलं पाणी वर चढवलं. आइस्क्रीमच्या काड्यांच्या पुलावर दहा किलोचं वजन ठेवलं, तर पूल हूं की चूं करेना. काका मागे हात बांधून, कुठल्याही मिनिटाला 'बारा वर्षांत' सुरू करायच्या बेतात उभे होते.

मग क्रेन. शंकेने पाहुण्यांच्या हातात जुन्या पंख्याचं खटक्याचं बटण दिलं. "खटका खाली केला की आकडा खाली येतो, वर केला की वर. आणि अडकलं तर..." ती पुढे काहीतरी सांगत होती, पण संचालिकाबाई म्हणाल्या, "बाळ, पाहुण्यांना वेळ कमी आहे." पाहुण्यांनी आकडा खाली सोडला. तो उचलायला ठेवलेल्या विटेत अडकायच्या ऐवजी शेजारच्या टेबलावरच्या झालरीत अडकला. पाहुण्यांनी खटका वर केला.

आणि निळं कापड निघालं.

घाई अजिबात नव्हती. मुंगीच्या पावलाने, पण ठाम. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, हाही प्रयोगाचाच भाग आहे. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. मग टेबलाच्या टोकाची पवनचक्की बाकावर येऊन आडवी झाली आणि तिच्या मालकाने भोकाड पसरलं. पाहुणे गडबडले. त्यांनी बटण घाईघाईने खाली ठेवलं, ते नेमकं कापडावर. बटणही निघालं. दुर्बीण आली, पाणचक्की आली, त्यांच्या ढिगाखाली बटण गडप झालं.

"बंद करा! अहो, कुणीतरी बंद करा!" संचालिकाबाई ओरडल्या.

काका बाकाखाली घुसले. तारा ओढल्या, पण डाग काकांचा होता, सुटतोय कुठला. नट फिरवायला गेले, नटही काकांनीच आवळलेले. पाना पिशवीत, पिशवी कपाटात, किल्ली खिशात. ते किल्ली शोधत असताना वर बादली कलंडली आणि पाहुण्यांच्या बुटांत पाणी गेलं. त्या पाण्यावरून आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल, गोंदाच्या तीन थरांसकट, एकही काडी न मोडता होडीसारखा तरंगत आला.

या सगळ्या गोंधळात शंका मात्र जागची हलली नव्हती. तिची नजर रिळावर होती आणि ओठ हलत होते, "तूट. तूट ना. तूट!"

शेवटी रिळावर एवढं कापड गुंडाळलं गेलं की सुतळीलाही जागा उरली नाही. मोटर घुमली, धूर आला आणि थांबली. पंधरा यंत्रांचं एक गाठोडं बाकावर बसलं होतं.

शंका पुढे गेली. मोडक्या पवनचक्कीपाशी पडलेली, मुलांच्या सामानातली पक्कड उचलली, रिळात घातली आणि खिळा ओढून काढला. तो तळहातावर ठेवून तिने बघितला. मग वर बघितलं, थेट काकांकडे. मग खिळा आपल्या कंपासपेटीत ठेवला आणि पेटी बंद केली.

"काय केलंस हे?" संचालिकाबाईंनी विचारलं.

"काही नाही," शंका म्हणाली. ते शब्दशः खरं होतं.

"काही नाही? मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, 'तूट, तूट' म्हणत होतीस! लोकांची यंत्रं तुटावीत म्हणून!"

पाहुणे एका पायावर उभे राहून बुटातलं पाणी ओतत होते. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर काकांना बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "लहान आहे, रागावू नका. पण आमच्याकडे खरी मशीनं आहेत, बोटं जातात. यंत्र कुठे थांबायला हवं याचा विचार न करणारं मूल मी मशीनपाशी उभं करू शकत नाही."

काकांचं तोंड उघडलं. आता ते बोलणार होते. पण तेवढ्यात पाहुण्यांनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "बाकी सगळी छान चालली. बारा वर्षांत म्हणे एकही बंद पडलं नाही?"

"हो," काका म्हणाले. आणि तोंड मिटलं.

सगळे गेल्यावर काकांनी किल्ली ठेवायला खिशात हात घातला, तर हाताला काडेपेटी लागली. वर निळ्या शाईने, छान अक्षरात लिहिलं होतं: 'जादा काड्या. अडकल्यावर काडी तुटेल, मोटर नुसती फिरेल, काही मोडणार नाही. मग नवीन घाला.'

काकांनी ते तीनदा वाचलं आणि काडेपेटी परत खिशात टाकली. चाळीस वर्षं त्यांनी कारखान्यात नेमक्या अशाच पिना बदलल्या होत्या. मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या, मोठं यंत्र वाचावं म्हणून स्वतः तुटणाऱ्या. एकदा एका नवख्या पोराने अशा पिनेच्या जागी पोलादी तुकडा घातला, तेव्हा काकांनी त्याला सगळ्या खात्यासमोर गाढव म्हटलं होतं. आता हॉलमध्ये कुणी नव्हतं, म्हणून ते स्वतःला मोठ्याने म्हणाले, "गाढवा." आवाज हॉलभर फिरून परत आला.

तेवढ्यात संचालिकाबाई कागद घेऊन आल्या. "काका, अपघाताचं कारण लिहून द्या. फाइलला हवं."

काकांनी लिहिलं, 'कारण अज्ञात.'

"अज्ञात कसं? तुम्ही एवढे जुने फिटर! लिहा, रचनेतला दोष. मुलं आहेत, व्हायचंच."

आणि काकांनी लिहिलं. 'रचनेतला दोष.' खाली सही केली, आणि सवयीने सहीखाली रेघही ओढली.

त्या दिवशी जेवताना काकू दोनदा म्हणाल्या, "आज बारा वर्षांचं नाही काढलंत?" काका म्हणाले, "डाळीत मीठ नाही." डाळीत मीठ होतं.

सोमवारी सकाळी काकांनी ठरवलं की टेलरबाईंकडे जायचं आणि सरळ सांगून टाकायचं. पण रिकाम्या हाताने दुकानात जाऊन एकदम 'मी खिळा घातला' म्हणायचं म्हणजे कसंतरीच. म्हणून त्यांनी पँट घेतली. काकांकडे पँटी दोनच. एक कामाची, बॅटरीतल्या ॲसिडने इतकी भोकं पडलेली की काकू तिला चाळणी म्हणत. आणि दुसरी समारंभाची, काल घातलेली ती. ती त्यांनी काखोटीला मारली.

दुकान हातभर रुंद होतं. एक शिवणयंत्र, भिंतीवर लटकलेले कपडे, मागे मापं घ्यायला पडद्याआडची जागा. शंका खाली बसून अभ्यास करत होती. काकांना बघून तिने पुस्तकात डोकं घातलं. कंपासपेटी तिच्या मांडीशी होती.

"या काका," टेलरबाई म्हणाल्या. "काय आणलंत?"

"मी म्हटलं... जरा सांगावं..." काकांची नजर कंपासपेटीवर गेली. "ही पँट. जरा लांब होते."

बाईंनी पँट उलटीपालटी केली. "लांब? मला तर बेताची वाटते."

"नाही, लांब होते. दोन बोटं कमी करा."

मंगळवारी पँट घरी आली. बुधवारी काका परत दुकानात.

"आता काय झालं?" टेलरबाई म्हणाल्या.

"परत लांब झाली."

"परत?"

"धुतली ना. धुतल्यावर..."

"काका, धुतल्यावर कपडे आखडतात. वाढत नाहीत."

पुस्तकामागून फिसकन आवाज आला. काकांचे कान तापले. "आमच्याकडच्या पाण्याचा काही भरवसा नाही," ते म्हणाले. "दोन बोटं कमी करा."

काकूंनी गुरुवारी पँट कपाटात ठेवताना निरखून बघितली. "अहो, तुम्ही उंच होताय की काय या वयात?"

"फॅशन आहे," काका म्हणाले.

"कुणाची? बगळ्यांची?"

शुक्रवारी काका दुकानाच्या पायरीवर दिसताच टेलरबाईंनी काही न विचारता हात पुढे केला. पँट घेतली, पट्टी लावली. "दोन बोटं?"

"दोन बोटं."

"आणखी काही सांगायचंय, काका?"

शिवणयंत्र थांबलं होतं. शंकेची पेन्सिलही थांबली होती. समोरून सायकलवाला गेला, त्याची घंटी वाजून विरली. काकांना वाटलं, आपल्या घशात कुणीतरी मापाचा खणखणीत खिळा ठोकलाय.

"शिलाई जरा घट्ट घाला," ते म्हणाले, आणि स्वतःचीच इतकी लाज वाटली की चप्पल उलटी घालून घरी आले.

रविवारी हॉलमध्ये पालक जमले होते. निवडलेल्या मुलांची यादी वाचायचा मान अर्थातच काकांचा. समारंभ म्हणजे समारंभाची पँट. ती आता घोट्याच्या पार वर, नडगीच्या मध्यावर येऊन टेकली होती, आणि खाली काकांचे तपकिरी मोजे, एकाचं इलॅस्टिक गेलेलं, जगासमोर उघडे पडले होते. मुलं तोंडावर हात दाबून हसत होती. शंका मागच्या रांगेत आईजवळ बसली होती. ती यादी ऐकायला नव्हती आली. क्रेन घरी न्यायला आली होती, मांडीवर रिकामी पिशवी होती.

काकांनी पाच नावं वाचली. पाच वेळा टाळ्या झाल्या. सहाव्या ओळीवर संचालिकाबाईंनी लिहिलं होतं: 'जागा रिकामी. क्रेनच्या मुलीचा पाहुण्यांच्या सूचनेवरून विचार केलेला नाही.'

काकांनी ते वाचलं नाही. कागद खाली केला.

"खिळा माझा होता," ते म्हणाले.

"कुठला खिळा?" संचालिकाबाईंनी विचारलं.

"क्रेनमधला. तिने काडी घातली होती. तुटायलाच घातली होती. आपल्याकडच्या पंधरा पोरांत थांबण्याचा विचार तिने एकटीने केला होता. मी काडी काढली आणि खिळा ठोकला. ती 'तूट' म्हणत होती ते त्या काडीला. काडी तिथे नव्हती, मी होतो. आणि मग कागदावर मी तिचा दोष लिहिला. सही करून."

काकांना वाटलं, संपलं. मोठा श्वास घेतला. पण पहिल्या रांगेतल्या पवनचक्कीवाल्याने हात वर केला.

"काका, तुम्ही क्रेनलाच का हात लावला? माझ्या चक्कीला नाही?"

काकांनी मोज्याकडे बघितलं. "तुझ्या चक्कीला आतून तार आहे, बाळा."

"आणि माझा पूल?" पुलवाली उभी राहिली.

"गोंद. तीन थर."

"पंप?" "पट्टी." "दुर्बीण?" "आरसा बदलला." एकेक करून पोरं उठत होती आणि एकेक करून बसत होती. कुणी रडलं नाही. रडली असती तर समजूत घालता आली असती. ती नुसती आपापल्या हातांकडे बघत होती, जणू हात दुसऱ्याचेच निघाले.

मग मागून एक वडील उठले. धाकट्याला घेऊन आले होते. "काका, सात वर्षांपूर्वी माझी मोठी इथे होती. तिने लंबकाचं घड्याळ केलं होतं. मिनिटाचाही फरक पडत नव्हता. ते तरी..."

काकांनी डोळे मिटले. "त्याच्या आत आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ होतं."

"तरीच!" शेवटच्या खुर्चीवरून काकू कडाडल्या. "सात वर्षं मी माझ्या जावेवर संशय घेतला!"

"अहो, पण त्या घड्याळावरून ती इंजिनीअरिंगला गेली!" वडील खुर्चीत बसत म्हणाले. "शेवटचं वर्ष आहे तिचं!"

यावर हसावं की काय करावं हे कुणाला कळेना. काहीजण हसले आणि मध्येच थांबले. संचालिकाबाईंनी पेन काढलं, सहाव्या ओळीवरचा मजकूर खोडला आणि शंकेचं नाव लिहिलं. "पाहुण्यांना मी आजच कळवते. तुमच्या सहीचा नवा कागद लागेल, काका."

"आधी चालवून बघू," मागून आवाज आला. शंका पुढे येत होती. "नाव नंतर. मलाही माहीत नाही ना, काडी खरंच तुटते का ते. मोटर जळलीय, पण कपाटात दुसरी आहे."

तिने मोटर बदलली. वीस मिनिटं लागली. दोनदा स्क्रू हातातून निसटून बाकाखाली गेला. काकांचे हात शिवशिवत होते, तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या मांडीखाली दाबून त्यांवर बसकण मारली. मग शंकेने त्यांच्यासमोर तळहात धरला. "काडी."

काकांनी खिशातून काडेपेटी काढून दिली.

शंकेने आकडा थेट लोखंडी बाकाच्या पायात अडकवला आणि खटका वर केला. सुतळी ताणली. क्लँप कुरकुरले. आणि बारीकसा, दाणा चावल्यासारखा आवाज झाला: कट्. रीळ थांबलं. मोटर आपली एकटीच फिरत राहिली, कुणालाही न ओढता. काही मोडलं नाही, काही सांडलं नाही. बघण्यासारखं असं काही घडलंच नाही, आणि मुलं ते डोळे फाडून बघत होती.

"पंधरा ग्रॅमने लवकर तुटली," पुलवाली उगाचच म्हणाली.

"ग्रॅम कशावरून गं?" शंका म्हणाली, आणि दोघींचं भांडण सुरू झालं. पाच मिनिटांत सगळी पोरं आपापली यंत्रं उचकटून आतली काकांची तार, काकांचा गोंद उपटून काढत होती. संध्याकाळपर्यंत पंधरांतली चार यंत्रं चालली. त्यातलं एक उलटं.

परतताना काका दुकानाशी थांबले. बाहेर पोरं पँटीला हसत होती, म्हणून नाही. टेलरबाईंनीच बोलावलं होतं. "आत व्हा, पडद्यामागे. पँट काढून द्या इकडे."

काका पडद्याआड गेले, पँट बाहेर दिली आणि कमरेला अस्तराचा एक पिवळा तुकडा गुंडाळून स्टुलावर बसले. बाहेर उसवल्याचा आवाज आला.

"आता काय लांब होणार ती," काका आतून म्हणाले. "सहा बोटं कापून झाली."

"कापलंय कुणी?" टेलरबाई म्हणाल्या. "सगळं आत दुमडून ठेवलंय. मला वाटलंच होतं, कधी ना कधी सोडावं लागेल."

काका स्टुलावरून अर्धवट उठले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाला... पहिल्या दिवसापासून?"

"शिवायच्या आधी खिसे तपासावे लागतात, काका. आत काही कडक राहिलं तर सुई मोडते. सोमवारीच काडेपेटी सापडली. हिचं अक्षर मी ओळखत नाही होय? हिला दाखवली, तर म्हणते, 'परत खिशात ठेव. ते स्वतः सांगतील.' मी म्हटलं, नाही सांगणार. बुधवारी हीच म्हणाली, सांगतील. शुक्रवारी मात्र तिने काही म्हटलं नाही."

तो शेवटचा शुक्रवार काकांना कपाळावर बसल्यासारखा लागला. सोमवार, बुधवार त्यांनी कसेबसे गिळले असते. त्या अस्तराच्या तुकड्यात ते जेवढे मावत होते, त्याहून लहान झाले.

पडद्याच्या खालून दोन छोट्या चपला दिसल्या. एक हात आत आला. त्यावर खिळा होता.

"हा तुमचा," शंका म्हणाली.

काकांनी खिळा घेतला. ठेवायला खिसा नव्हता, म्हणून मुठीत धरून बसले.

"काका, एक शंका."

"विचार."

"बारा वर्षांत तुम्ही सगळ्यांची यंत्रं आधीच नीट केलीत. मग कुणाला काय येतं, हे तुम्हाला कळायचं कसं?"

काकांनी मूठ उघडून खिळ्याकडे बघितलं. उघड्या गुडघ्यांना दुकानातला वारा लागत होता.

"कळायचं नाही," ते म्हणाले.

चपला थोडा वेळ तिथेच थांबल्या. मग गेल्या, आणि बाहेर शिवणयंत्र सुरू झालं.